टाकं, टँक आणि शफीकभाईंचा टँकर

गाळ उपसला की कमी होतो. किश्शांचं उलटं आहे. एक सांगायला घ्यावा तर त्याच्याखालून दोन वर येतात. आमच्या वाडीच्या डोंगरावरचं जुनं टाकं उपसायला आम्ही दर रविवारी जातो आणि तिथून गाळापेक्षा किस्सेच जास्त निघालेत. कुणीतरी लिहून ठेवायला हवेत. बाकीच्यांना वेळ नाही आणि मला धीर नाही, म्हणून मीच लिहिते.

टाकं म्हणजे कातळात खोदलेला चौकोनी हौद. भैरोबाच्या देवळामागं आहे. खोदलं कुणी ते कुणालाच माहीत नाही. आमची वाडी पारनेर तालुक्यात. बंधारे कसे बांधावेत, पाणी कसं अडवावं हे बघायला परगावची माणसं बसा भरून राळेगणसिद्धीला येतात ना, तिथून आम्ही गाडीवर अर्ध्या तासावर आहोत. आणि आमच्याकडं होळी झाली की टँकर सुरू! इंग्रजीत एम. ए. करून मी नगरहून परत आले, ती हा संताप घेऊनच.

माझ्या संतापाला तोंड द्यायला गावात एकच माणूस समर्थ होता, माजी सरपंच दगडूनाना. टँकर त्यांनीच आणला होता. टाकं उपसायचं नाव काढलं की ते म्हणायचे, "वर पानी दिसलं की खाली टँकर बंद. मंग टाकं आटलं तर कचेरीच्या पायऱ्या मला झिजवायला लागतील, एम. ए.वालीला न्हाई."

यात खोटं काही नव्हतं. त्यामुळं राग जास्त यायचा.

*

सुरुवात माझ्या भाषणानं झाली. संध्याकाळी बायका कळशा मांडून टँकरची वाट बघत पाराजवळ बसल्या होत्या. इतके श्रोते आयते मिळाल्यावर मी कशाला सोडते? म्हटलं, तुम्ही ज्याची वाट बघताय तो शब्द मुळात आपला आहे. आपलं टाकं, गुजरात्यांचं टांकुं. किनाऱ्यावर उतरलेल्या गोऱ्या लोकांनी ते उचललं, त्याचा टँक केला आणि जहाजातून घरी नेला. पोर्तुगीज भाषेतल्या एका शब्दाचाही त्यात हात आहे असं काही कोशकार म्हणतात. असेल. मी टाक्याच्या बाजूनं. पुढं तिकडं त्याला शेपूट फुटलं, टँकर झाला, आणि आता आपलाच शब्द आपल्या दारात हॉर्न वाजवत येतो.

शांताक्का आमच्या शेजारी राहतात. वय सत्तरीचं, जीभ विशीतली. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं.

"शब्द सायबानं नेला म्हन्तीस."

"हो ना, अक्का."

"टाकं तर हितंच ठिवलं व्हतं ना त्यानं?"

"हो."

"मंग ते बुजवलं कुनी गं?"

पुढच्या रविवारी आम्ही फावडी घेऊन वर गेलो.

*

आम्ही म्हणजे मी, शांताक्का, स्टँडवर मोबाईलचं दुकान चालवणारा संदीप आणि त्या त्या रविवारी सापडेल तो. संदीपनं लगेच व्हॉट्सअॅप ग्रुप काढला आणि त्याचं नाव ठेवलं 'थिंक टँक'. इंग्रजीत पूर्वी थट्टेनं डोक्यालाच थिंक टँक म्हणत, नंतर ते विचारवंतांच्या बैठकीला म्हणायला लागले, अशी माहितीही मी ग्रुपवर टाकली. तिला अंगठे भरपूर आले.

अर्धी वाडी ग्रुपमध्ये आली. सूचनांचा नुसता पाऊस. गाळ कुठं टाकावा, कुणी टाकावा, कोणत्या तिथीला सुरुवात करावी. रविवारी डोंगरावर मात्र आम्हीच.

एकदा घमेलं उचलता उचलता शांताक्कांनी त्या नावाचा अर्थ विचारला. संदीप म्हणाला, "विचारांची टाकी, अक्का."

"गळकी हाय," शांताक्का म्हणाल्या. "इच्यार हितं वर चढेस्तोवर समदा सांडतोय."

*

टँकर आमच्याकडं काय चीज आहे हे कळायचं असेल तर संदीपच्या बहिणीचं लग्न ऐका. वैशालीचं. नवरामुलगा श्रीरामपूरकडचा, म्हणजे पाटाच्या पाण्यावर वाढलेला. मुहूर्त दुपारचा, टँकर संध्याकाळचा. सगळं व्यवस्थित जुळवलं होतं. पण त्या दिवशी टँकरला दुसरीकडची फेरी नव्हती म्हणून तो लवकर आला. आमचे टँकरवाले शफीकभाई वक्तशीर माणूस, पण लवकर येण्यातही वक्तशीर.

तिसरं मंगलाष्टक चालू होतं. वेशीजवळ हॉर्न वाजला. पहिल्यांदा मागची रांग उठली. मग मधली. मग वऱ्हाडाला वाढायला थांबलेली माणसं. मुलीची आत्या अक्षता मुठीत घेऊन पळाली. मामानं अंतरपाटाचं एक टोक माझ्या हातात दिलं आणि बादली शोधायला गेला. मांडवात उरलो नवरा, नवरी, भटजी, अंतरपाट धरलेले आम्ही दोघंजण आणि काही न कळून बसून राहिलेले श्रीरामपूरचे पाहुणे.

नवरामुलगा बिचारा घाबरला. आग लागली काय म्हणून त्यानं विचारलं. वैशालीनं पलीकडून सांगितलं, टँकर आलाय. मग तिनं हळूच विचारलं, तुमच्याकडं किती वाजता येतो?

"आमच्याकडं येत नाही," तो म्हणाला. "नळ आहे. चोवीस तास."

वैशालीनं अंतरपाट हातानं बाजूला केला आणि त्याच्या गळ्यात माळ घातली. भटजी म्हणाले, अहो, अजून दोन मंगलाष्टकं राहिलीत. ती म्हणाली, ती तुम्ही म्हणा सावकाश.

*

गाळ छातीइतका खाली गेला तेव्हा बक्षीस म्हणून मी सगळ्यांना नगरला नेलं. तिथं रणगाड्यांचं म्युझियम आहे. ऐनवेळी नानाही जीपमध्ये येऊन बसले. म्हणाले, फुकट असलं तर विरोधकानं पन यावं.

झाडांखाली रांगेनं उभे असलेले ते अजस्र रणगाडे बघून संदीप फोटो काढत सुटला. शांताक्कांनी एकाला हात लावून बघितला आणि उन्हानं तापलाय म्हणून लगेच काढून घेतला. मी माझा धडा सुरू केला. पहिल्या महायुद्धात इंग्रजांनी हे यंत्र गुपचूप बनवायला घेतलं. शत्रूला सुगावा लागू नये म्हणून बाहेर सांगितलं की वाळवंटात पाठवायच्या पाण्याच्या टाक्या बनवतोय. लोकांनाही ते पटलं. पुढं गुपित फुटलं, पण नाव चिकटलं ते चिकटलंच. म्हणून आजही हा टँक.

नाना दोन्ही हात मागं बांधून उभे होते. त्यांनी मला ते पुन्हा सांगायला लावलं.

"म्हंजी पान्याचं नाव सांगायचं आन् आतून लढाईची तयारी करायची?"

"हो, नाना."

नानांनी रणगाड्याकडं आदरानं बघितलं. "दर इलेक्शनला आमी दुसरं काय करतो?"

*

परत आल्यावर मला चेव चढला. शाळेच्या भिंतीवर मी मोठ्या अक्षरांत रंगवलं, 'आमचा निर्धार, टँकरमुक्त गाव'. खाली टाक्याचं चित्र. संध्याकाळी शफीकभाई टँकर मोकळा करून आले आणि भिंतीसमोर उभं राहून त्यांनी ते वाचलं. मग माझ्याकडं वळून म्हणाले, "ताई, यात मी कुठं बसतो?"

हा प्रश्न मला आधी सुचायला हवा होता. मी काहीतरी बोलले. व्यवस्था बदलली पाहिजे, माणसांविरुद्ध काही नाही, असं. माझं मलाच ते वर्तमानपत्रासारखं वाटलं. ते टँकर घेऊन गेले.

रविवारी वर गेलो तर शफीकभाई आमच्या आधी टाक्यात उतरलेले, बाह्या सारून, घमेली भरत. संदीपनं विचारलं, भाई, टाक्यात पाणी आलं तर तुमच्या फेऱ्या कमी होतील, आणि तुम्हीच गाळ काढताय?

"माझ्या गावाला पन टँकरच येतो," शफीकभाई म्हणाले. "त्यो दुसरा डायवर आनतो. लई उशीर करतो. दिवसभर तुमाला पानी द्यायचं आन् घरी जाऊन मी कळशी घेऊन हुबा."

मग घमेलं माझ्या हातात देत म्हणाले, "हितलं झालं की तिकडं यायचं. आमच्याकडं पन हाय एक बुजलेलं."

*

मे महिन्यात एका रविवारी संदीपच्या फावड्याचा आवाज बदलला. खाली कातळ लागला होता. कोपऱ्यातल्या फटीपाशी गाळ ओला होता. आम्ही तो हातानं काढला आणि बघत बसलो. फटीतून पाणी येत होतं. धार वगैरे नाही, नुसता पाझर. पण थांबत नव्हता. दुपारपर्यंत तळाशी घोट्याएवढं साठलं. शांताक्कांनी त्यात बोटं बुडवून डोळ्यांना लावली.

बातमी आमच्या आधी खाली पोचली. नाना धापा टाकत वर आले. टाक्यात उतरले, ओंजळभर प्यायले, आणखी एक ओंजळ प्यायले आणि तोंड पुसून म्हणाले, "कुनाला बोलू नका."

कारण तसंच होतं. टँकरची गरज अजून आहे का ते तपासायला गुरुवारी तालुक्याचे साहेब येणार होते. वाडीची माणसं आणि जनावरं या पाझरावर जगणार नव्हती, हे मलाही दिसत होतं. पाऊस अजून लांब होता. साहेबांनी 'पाणी उपलब्ध' एवढे दोन शब्द लिहिले की टँकर बंद, आणि त्याला जबाबदार मी. नानांनी प्रत्येकाला भैरोबाची शपथ घातली. माझ्यापाशी येऊन थांबले.

"तुझं काय?"

मी म्हटलं, विचारलं तर मी खरं सांगणार.

"इचारनारच न्हाई त्यो," नाना म्हणाले. "सायबाला डोंगर चढायला पाय असत्यात व्हय?"

*

गुरुवारी साहेब आले. तरुण होते, उन्हानं लाल झाले होते. गावच्या विहिरीत डोकावले. विहीर कोरडी. नाना मागं मागं, चेहरा सुतकी. आजूबाजूला दुसरं काही पाणी? साहेबांनी विचारलं. नानांनी आभाळाकडं बोट केलं. साहेबांनी फाईल उघडली. मी पुढं झाले होते, पण अजून मला कुणी काही विचारलं नव्हतं, आणि तेवढ्यात साहेब म्हणाले, आधी प्यायला पाणी द्या हो कुणीतरी.

शांताक्कांनी तांब्या आणला. आता, शांताक्कांकडं आलेल्या माणसाला टँकरचं पाणी मिळत नाही. त्या पाण्याला ब्लीचिंग पावडरीचा वास येतो, ते पाहुण्याला देणं म्हणजे हाकलून देणं, असं त्यांचं मत. पहाटेच त्या वरून कळशी भरून आल्या होत्या. हे नानांना माहीत नव्हतं. मला होतं.

साहेबांनी एका दमात अर्धा तांब्या संपवला. थांबले. तांब्यात बघितलं.

"गोड आहे हो. कुठलं?"

टँकरला टेकून उभ्या असलेल्या शफीकभाईंनी मान खाली घातली. खरं सांगायचं म्हणून मी तोंड उघडलं, पण माझ्याआधी आवाज आला. नानांचा. ताठ, सरपंच असतानाचा.

"आमच्या टाक्याचं हाय!"

बोलून गेल्यावर त्यांना कळलं. साहेबांना त्याआधी कळलं होतं. त्यांनी पेनाचं टोपण काढलं.

"म्हणजे पाणी आहे. मग टँकर बंद करू?"

शपथ घातलेली अख्खी वाडी नानांकडं बघत होती. नानांनी टोपी काढली, झटकली, पुन्हा घातली.

"सायेब," ते म्हणाले, "टाक्यात पानी हाय, पन ते पावन्यांपुरतंच."

साहेबांनी उरलेला तांब्या संपवला, फाईलमध्ये काहीतरी लिहिलं आणि जीपमध्ये बसून निघून गेले. काय लिहिलं ते कुणालाच दिसलं नाही. त्या रात्री नाना जेवले नाहीत, असं त्यांची सून म्हणाली.

दुसऱ्या दिवशी वेळ झाली, वेळ टळली. कळशा मांडलेल्याच. नाना पारावर बसून वेशीकडं बघत होते. आणि मग हॉर्न वाजला.

टँकर आला, पाराशी थांबला. शफीकभाई उतरले. त्यांनी शेजारच्या सीटवरून वीस लिटरचा एक रिकामा कॅन काढला आणि नानांच्या पुढ्यात ठेवला.

"सायबांनी दिलाय," ते म्हणाले. "टाक्याचं पायजे म्हनले."