करंगळीवर पेललेलं दप्तर

दप्तराच्या वरच्या बंदात करंगळी अडकवायची, ते वीतभर उचलायचं, भाजीवाली तराजू धरते तसं क्षणभर अधांतरी धरायचं आणि खाली ठेवून म्हणायचं, "झेपते जी! काहून नाही झेपणार?"

आमच्या कर्वेनगरच्या सोसायटीतल्या कितीतरी मुलांचं भवितव्य या एका करंगळीने ठरवलं. हसू नका. तुमच्याही सोसायटीत असा कोणीतरी होताच, फक्त त्याचं बोट वेगळं असेल.

हे गृहस्थ दुसऱ्या मजल्यावर राहायचे. मूळचे अमरावतीकडचे, पण आम्हा पुणेकरांच्या भूगोलात नगर ओलांडलं की पुढे सगळं नागपूरच, म्हणून त्यांचं नाव पडलं 'नागपूरवाले'. पिंपरीच्या एका कारखान्यात ते ड्राफ्ट्समन होते. तिरक्या टेबलावर मोठा कागद ताणून पेन्सिलीने यंत्रांचे भाग काढायचे, हे त्यांचं काम. अक्षर असं, की जिन्यात लावलेली पाणीकपातीची सूचनाही लोक दोनदा वाचत. मग कारखान्यात संगणक आले, त्यांच्यामागून ते चालवणारी मिसरूड न फुटलेली मुलं आली आणि ती तिरकी टेबलं भंगारात गेली. टेबलांपाठोपाठ नागपूरवाल्यांना स्वेच्छानिवृत्ती मिळाली.

"स्वेच्छा कोनाची होती, ते नाही सांगितलं बा कोनी," असं ते एकदाच म्हणाले आणि स्वतःच मोठ्यांदा हसले.

हाताशी वेळ होता आणि खांदे दणकट होते. आमच्या इमारतीला लिफ्ट नव्हती. कोणाचं कपाट, कोणाचा सिलिंडर, कोणाची गुडघे धरलेली सासू; सगळं नागपूरवाले वर नेऊन द्यायचे. "झेपते जी!" आम्ही पुणेरी पद्धतीने ओठ मिटून आभार मानायचो आणि त्यांची पाठ वळली की 'करून राहिला', 'खाऊन राहिला' अशी त्यांची नक्कल करायचो. त्या नकलेत माझा हात कोणी धरत नसे. महिला मंडळात मला आग्रह व्हायचा. माझ्यासारख्या वीजमंडळातल्या कारकून बाईला एवढीच काय ती कला होती.

ही नक्कल बंद पडली, ती त्यांच्या मुलीमुळे, मृणालमुळे.

त्या वर्षांत हवाच तशी होती. हिंजवडीला काचेच्या इमारती उठत होत्या. प्रत्येक जिन्यात एक तरी मुलगा अमेरिकेला गेलेला आणि त्याची आई रविवारी सकाळी फोनला चिकटलेली. अशात जवळच्या एका शाळेने नववीपासून 'विशेष तुकडी' काढली. सकाळी उजाडायच्या आत शाळा, संध्याकाळी दिवे लागल्यावर घर. शाळेतच पुढच्या इयत्तांचं गणित, रविवारी परीक्षा, आणि मधली सुट्टी डबा उघडून मिटेपर्यंतची. निवड परीक्षेला शहरभरातून मुलं बसली. आमच्या सोसायटीतून लागली एकटी मृणाल.

झालं! ज्यांना काल लोक हसत होते, त्यांच्यापुढे आज पार्किंगमध्ये आपापली मुलं उभी करू लागले. नागपूरवाले सकाळी स्कूटरवर मागे मृणालला बसवून निघायचे, तेव्हा गॅलऱ्यांतून आम्ही बायका दात घासता घासता बघायचो. संध्याकाळी ते परतले की एखादा बाप दप्तरासकट मुलगा घेऊन हजर. "याला जमेल का हो तुकडी?" नागपूरवाले मुलाला एकच विचारत, "सकाळी आपला आपण उठतो का रे?" मग करंगळी, मग दप्तर, मग "झेपते जी!" ही करंगळी कोणाला नाही म्हणाल्याचं मला आठवत नाही.

त्यांच्या बायकोबद्दल तर मला फारच आदर होता. रोज संध्याकाळी ती एक भरलेला डबा खाली वॉचमनला नेऊन द्यायची. पोळ्या, भाजी, कोशिंबीर, सगळं जागच्या जागी. केवढ्या मनाची बाई, असं मी चारचौघींत बोलले. दिवाळीनंतर हा डबा बंद झाला. मी लगेच मत बदललं. लेकीचं नाव झालं आणि हिचा हात आखडला, असंही मी चारचौघींत बोलले. मला तेव्हा सगळ्यांबद्दल सगळं कळायचं.

आमची अदिती त्या वर्षी आठवीत होती. अभ्यासात बरी, पण खाण्यात सावकाश. एक एक घास ती असा चावायची, की तिचं जेवण होईपर्यंत माझी भांडी घासून व्हायची. अशा मुलीला त्या तुकडीत घालावं का, हा प्रश्न मी सगळ्यांना विचारला. ऑफिसात विचारला, दातांच्या डॉक्टरांना तोंड उघडं असताना विचारला, ब्लाउज शिवणाऱ्या बाईंना माप देताना विचारला. बक्षिसांसाठी काचेच्या दारांचं एक कपाटही करून घेतलं. बक्षिसं यायची होती, कपाट आलं होतं. त्याच्या काचेत बघत मी "आमची अदिती विशेष तुकडीत असते ना" हे वाक्य सहज म्हटल्यासारखं म्हणायची तालीम करायचे.

आमच्या ह्यांनी पेपरातून डोकं वर न काढता विचारलं, "अदितीला विचारलंस?"

"ती लहान आहे अजून."

"मग तुकडी मोठ्यांची आहे का?"

मी त्यांच्याकडे दुर्लक्ष केलं. अदिती निवड परीक्षेत पास झाली आणि शनिवारपर्यंत होकार कळवायचा होता. मी तिला दप्तरासकट नागपूरवाल्यांकडे घेऊन गेले.

त्यांनी आम्हाला बसवलं, चहा सांगितला. दप्तर करंगळीवर धरलं, जरा जास्तच वेळ धरलं, असं आता वाटतं. "झेपते वहिनी! तुमची पोरगी तं वाघीन आहे."

वाघीण कोपऱ्यात बसून बिस्किट चावत होती. आतल्या दारात मृणाल उभी होती. तिने अदितीला विचारलं, "तुला शाळेत भूक लागते का गं?"

"हो. खूप," अदिती म्हणाली.

"मग नको येऊस."

नागपूरवाले मांडीवर थाप मारून हसले. "मस्करी करून राहिली ती!" मीही हसले. मृणाल हसली नाही. मला वाटलं, हुशार मुलींना शिष्टपणा असायचाच. आपल्या अदितीलाही येईल, अशी आशा वाटली.

त्याच आठवड्यात ऑफिसातल्या एका मैत्रिणीने धायरीला नवं घर बांधलं, म्हणून दुपारच्या जेवणाला बोलावलं. तेव्हाची धायरी म्हणजे अर्धं गाव, अर्धी सोसायटी. मैत्रिणीचं घर शोधत मी एका गल्लीत शिरले, तर समोरच्या ओट्यावर मृणाल. अंगात तुकडीचा गणवेश, बाजूला दप्तर, पुढ्यात भाकरी. शेजारी एक बाई शेंगा फोडत बसली होती. ती नागपूरवाल्यांची बहीण, हे मला नंतर कळलं. आणि मृणाल जेवत होती. दोन्ही गाल भरून, बोटं चाटून जेवत होती.

मला बघून तिचा घास तिथेच थांबला.

"अगं, आज शाळा नाही?"

"तुकडीतून माझं नाव काढलंय काकू. दिवाळीतच." ती खाली बघून बोलली. "पेपर पुढे आला की अक्षरं हलायची. डबा खाल्ला की उलटी व्हायची, म्हणून भरलेला तसाच परत आणायचे. मग सरांनीच बाबांना बोलावलं."

"मग रोज सकाळी स्कूटरवरून...?"

"बाबा इथे आत्याकडे सोडतात. संध्याकाळी न्यायला येतात. सोसायटीत काय सांगायचं, म्हणून."

शेंगा फोडणारी बाई मान वर न करता म्हणाली, "मी त्याला म्हनते, युनिफारम तं काढू दे लेकराचा. ऐकत नाही."

वॉचमनच्या डब्याचं गणित मला तिथे, त्या ओट्यापाशी सुटलं. मृणाल म्हणाली, "काकू, बाबांना सांगू नका, तुम्ही मला बघितलं म्हणून." मी मान डोलावली आणि मैत्रिणीकडे जाऊन श्रीखंड खाल्लं. चव कळली नाही, असं लिहिलं तर शोभेल; पण कळली. दोनदा वाढून घेतलं.

संध्याकाळी पार्किंगमध्ये नेहमीची गर्दी होती. स्कूटर आली. मृणाल उतरली, माझ्याकडे न बघता वर गेली. तळमजल्यावरचे एक गृहस्थ मुलगा घेऊन उभेच होते. नागपूरवाल्यांनी त्याचं दप्तर करंगळीवर घेतलं. "झेपते जी!"

दुसऱ्या दिवशी शुक्रवार होता. मी मृणालला दिलेला शब्द अर्धाच पाळला. मुलीचं नाव घेतलं नाही, जिन्यात गाठून एवढंच म्हटलं, "भाऊ, मी काल धायरीला गेले होते."

त्यांच्या खांद्यावर कोणाचा तरी सिलिंडर होता. तो त्यांनी पायरीवर टेकवला.

"मला कंपनीनं काढलं, तेव्हा तुम्ही लोक हसले," मग म्हणाले. "नाही, तोंडावर नाही हसले. माहीत आहे मला. आता पोरीलेही काढलं म्हणून सांगू? तिच्यावर हसू देऊ?"

"ते तुमचं तुम्ही बघा. पण माझ्या अदितीला कशाला झेपते म्हणालात?" माझा आवाज चढला होता. "सगळं माहीत असून?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत राग नव्हता. असता, तर बरं झालं असतं.

"वहिनी, तुम्ही 'नाही' ऐकायला आल्या होत्या का?"

सिलिंडर उचलून ते वर गेले. त्या वेळी काही 'झेपते' वगैरे म्हणाले नाहीत.

अदितीला मी तुकडीत घातलं नाही. यात माझा काही मोठेपणा समजू नका. रात्रभर रडले, ते अदितीसाठी नाही, काचेच्या कपाटासाठी. आणि सोसायटीत काय सांगायचं, हा प्रश्न माझ्याही पुढे होताच. मी सांगितलं, डॉक्टर म्हणाले डोळ्यांवर ताण नको. लोकांचा विश्वास बसावा, म्हणून पोरीला बिननंबरचा चष्मा करून घातला. वर्षभर ती बिचारी खिडकीची काच नाकावर घेऊन हिंडली. नागपूरवाल्यांच्या गणवेशाला मी हसणार होते! माझ्या घरी चष्मा होता.

जूनमध्ये मृणालला धायरीच्या साध्या शाळेत घातलं. आमच्याकडे एखादा माणूस गेल्याचं शेजाऱ्यांना चार दिवसांनी कळेल, पण दुसऱ्याच्या मुलीचा गणवेश बदललेला पहिल्या सकाळी कळतो. त्या संध्याकाळी पार्किंगमध्ये कोणी दप्तर घेऊन आलं नाही. नंतर एकेक सुरू झालं. कोणी जिन्यातून पाण्याची बादली नेताना दिसला, की वरून प्रश्न यायचा, "काय हो, झेपतंय का?" नागपूरवाले स्कूटर लावत असतील, तर जरा मोठ्याने यायचा. ज्यांची कपाटं त्यांनी वर नेली होती, तेच विचारायचे. मी विचारलं नाही. पण मंडळात कोणीतरी नक्कल करायला सांगितली, तेव्हा नाही म्हणायला मला दोन मिनिटं लागली. ही दोन मिनिटं अजून माझ्या अंगावर आहेत.

वर्ष पुरं व्हायच्या आत त्यांनी फ्लॅट विकला आणि वाघोलीला गेले. तेव्हा वाघोली म्हणजे गावाबाहेरचं गाव. तिथे त्यांना कोणी ओळखत नव्हतं, हीच त्या जागेची सोय.

टेम्पो भरताना आम्ही सगळे गॅलरीत उभे होतो. खाली कोणी उतरलं नाही. कपाट त्यांनी आणि टेम्पोवाल्याने मिळून नेलं. तेवढ्यात अदिती शाळेतून आली, नाकावर चष्मा, पाठीवर दप्तर. त्यांच्यापुढे थांबली आणि सवयीने दप्तर काढून त्यांच्यापुढे धरलं. सगळी मुलं धरायची तसं. त्यांची करंगळी पुढे आली. मग त्यांनी हात मागे घेतला, खिशात घातला आणि म्हणाले, "जेवत जाय बेटा नीट."

त्यानंतर मी त्यांना पाहिलं नाही. ते वारल्याचं पुढे कधीतरी उडत उडत कळलं. मृणालचं काय झालं, मला माहीत नाही. विचारायला तोंड नव्हतं वगैरे काही नाही. विचारलंच नाही.

आता त्याच जागेवर उंच इमारत झाली आहे, लिफ्ट आहे, कोणाला काही उचलावं लागत नाही. अदिती एका काचेच्या इमारतीत नोकरी करते. तिची सई यंदा नववीत गेली. तुकड्या आता गल्लोगल्ली आहेत, त्यांची नावं इंग्रजी झाली आहेत, एवढंच. प्रवेशाच्या वेळी अदितीने मला विचारलं, "आई, सईला झेपेल ना?"

मी म्हटलं, "नाही झेपणार. तुझ्यासारखीच आहे, सावकाश खाते."

"तू पण ना, आई! कशाचा कशाशी संबंध?" ती हसली. मोबाइलवर बोटं फिरवत होती, होकार कळवूनही झाला होता. ती 'नाही' ऐकायला आली नव्हती.

काल संध्याकाळी सई आली, दप्तर टाकलं आणि न बोलता खोलीत गेली. मी तिचा डबा बाहेर काढला. कडीचा डबा आहे. कडीत करंगळी अडकवली आणि उचलून पाहिला.

जड होता.