लखनौ ते नागपूर, दिल्लीमार्गे दशहरी

जूनमधल्या एका सकाळी मी घरातून अमौसी विमानतळाकडे निघालो. आदल्या दिवशी नागपूरहून धाकट्या भावाचा ट्रंककॉल आला होता. आई तीन दिवस पाण्याशिवाय काही घेत नव्हती. विचारले की एवढेच म्हणायची, 'लखनौचा आंबा.'

नकाशावर पट्टी ठेवली तर लखनौ ते नागपूर सरळ अंतर सुमारे साडेसहाशे किलोमीटर भरते. पण थेट विमान नाही. दिल्लीमार्गे पावणेतेराशे होतात, हवेतला वेळ दोन तास वीस मिनिटे. रेल्वेला, झाशीला गाडी बदलून, बावीस तास लागतात. म्हणून आयुष्यात प्रथमच विमानाचे तिकीट काढले.

वाटेत आलमबागला बारा दशहरी घेतले, 'डाल के' (झाडावर पिकलेले).

"कब खाना है, बाबूजी? और खाएगा कौन?" आंबेवाल्याने विचारले.

"आज शाम. हवा में कुल दो घंटे बीस मिनट."

"अरे, जहाज़ का टाइम थोड़े पूछा!"

फोडी नीट पडाव्यात म्हणून मी पिकलेले पण घट्ट निवडून घेतले. खाणार कोण, हा प्रश्न मला अनावश्यक वाटला.

विमान उठले आणि गोमती सुतळीएवढी झाली. दिल्लीला त्रेपन्न मिनिटांत पोहोचलो, म्हणजे वेळापत्रकापेक्षा दोन मिनिटे आधी. दुपारी चारला आँधी (धुळीचे वादळ) आली, धावपट्टी दिसेनाशी झाली आणि नागपूरचे विमान रद्द झाले. रात्र बाकावर काढली. सकाळी आंब्यांच्या पेटीचा वास चहूकडे पसरला होता.

"भाईसाहब," शेजारचे सरदारजी म्हणाले, "या तो खिलाओ, या डिब्बा दूर रखो!"

मी खिलवले नाही. आंबे मोजून ठेवलेले होते.

पुढचे विमान मिळाले आणि त्याच दुपारी भावाच्या घरी पोहोचलो. दारापासून दारापर्यंत सत्तावीस तास झाले होते. भावजयीने पेटी उघडली. पाच आंबे फुटले होते.

"काहून जी भाऊजी, आंबे आणले का लगदा?"

उरलेल्यांतला एक कापायला घेतला, तर सुरीखाली गरच सरकू लागला. तेवढ्यात खाटेवरून आई म्हणाली, "फोडी कशाले करतं? दात कुठं हायेत मले? पिळ."

तिचे दात दोन वर्षांपूर्वी काढले होते. तसे पत्रही मला आले होते.

भावजयीने रस पिळून गाळला. मी चमच्याने भरवू लागलो. आईने अर्धी वाटी घेतली, तोंड पुसून घेतले आणि म्हणाली, "बाकीचे उद्या."

आठ दिवसांनी मी रेल्वेने परतलो. आलमबागला आंबेवाल्याने ओळखले.

"तो खाया किसने, बाबूजी?"

"माँ ने. खाया नहीं, पिया."

"पहले बताते, तो नरम देता!"

ऑफिसात लोक विचारतात, विमानाने नागपूरला किती वेळ लागतो? मी दोन तास वीस मिनिटे सांगतो, आणि सत्तावीस तासही सांगतो. अर्ध्या वाटीला चाळीस मिनिटे लागली. ते कोणी विचारत नाही, पण तेही मी घड्याळ लावूनच मोजले आहे.