मंदाताईच्या नावाची ओळ

मंदाताईच्या नावाआधी ‘कै.’ टाइप करायचं काम माझ्याच वाट्याला आलं.



राजापेठेत आमचं छोटंसं डिझाइनिंगचं दुकान. लग्नपत्रिका, वास्तुपूजन, बारशाची कार्डं. मालकीण ती. मी तिच्या हाताखाली फोटोशॉप शिकले. पुढे मालकीण वगैरे काही उरलं नाही, डबासुद्धा दोघींत एकच यायचा.

छपाई अकोल्याला. तिथल्या प्रेसच्या कॉम्प्युटरवर आमचे फॉन्ट नाहीत. फाइल तशीच पाठवली की जोडाक्षरं तुटतात. एकदा ‘श्री गणेशाय नमः’च्या जागी नुसते चौकोन आले होते.

म्हणून पाठवण्याआधी प्रत्येक ओळ ‘कन्व्हर्ट टू शेप’ करायची. मग अक्षराचं चित्र होतं. तुटत नाही, पण पुन्हा बदलताही येत नाही.

‘‘आंधी वाच, मंग शेप कर वं!’’ दिवसभर हेच ओरडायची.

लेकीची, पल्लवीची पत्रिका तिने स्वतः केली. केमो चालू होती. दवाखान्यातल्या खाटेवर, मांडीवर लॅपटॉप घेऊन.

सगळ्या ओळी शेप केल्या. एक सोडून.

‘आपले विनीत : सौ. मंदा व श्री. सुधाकर’

म्हटलं, ‘‘ताई, ही राहिली.’’

‘‘राहू दे. माह्या नावाची लाइन टेक्स्टच ठेव. छापाले जाईपर्यंत मी असीन का नाई, कोणाले माईत?’’

मी ओढणीने डोळे पुसले.

‘‘रडून कावून राहिली? काम हाय हे.’’

त्यानंतर ती घरी आलीच नाही.

काल तेरवी झाली. लग्न पुढे ढकलायचं नाही, असं सगळ्यांकडून वदवून घेऊन गेली होती. म्हणून आज पल्लवी दुकानात आली. माझ्या शेजारी बसली. मी फाइल उघडली, तिच्या आईच्या नावाआधी कर्सर नेला आणि तसाच ठेवला.

पल्लवी हळूच म्हणाली, ‘‘मावशी, ‘कै.’ थोडं लहान टाकता येईल का?’’

टाकलं.

तिच्याकडे बघितलं. ‘‘अजून थोडं,’’ म्हणाली.

अजून लहान केलं. मग ती ओळही शेप केली आणि फाइल अकोल्याला पाठवून दिली.

दुपारी प्रेसमधून फोन आला. मंदाताई गेल्याचं त्यांना माहीत होतं.

‘‘ताई, शेवटच्या लायनीत एक अक्षर बारीक दिसून राहिलं. चुकलं का?’’

‘‘नाही भाऊ. पोरीनं सांगितलं तसं करायला.’’



‘‘बरं. तसंच छापतो,’’ म्हणाले.

मंदाताई, तुला शेवटचा नमस्कार.

लय आठवण येते वं तुझी.