हत्तिणीच्या पोटाखालचा भूकंप

“दाजी हत्तिणीखाली गेले, तिच्या पायाला मिठी मारून ‘भूकंप! भूकंप!’ ओरडले, अन् अर्धं अहमदपूर रस्त्यावर आलं!”

माझे मेहुणे दिगंबरराव हे वाक्य प्रत्येक पंगतीत वाढतात. ते जसेच्या तसे स्वीकारण्यास मी मुळीच बांधील नाही. (मिठी नव्हती. आधार होता.)

वस्तुस्थिती अशी. लातूरकडचा भूकंप होऊन दोन वर्षे लोटली, तरी माझी कन्या सुमन छताखाली बसत नसे. लातूरची शिकवणी सोडून ती घरी परतली होती. बारावीची परीक्षा आठ दिवसांवर, आणि परीक्षेच्या वर्गाला छत हे असतेच! त्याच सुमारास एक माहूत हत्तीण घेऊन मोंढ्याच्या बाजारात आला. हत्तीच्या पोटाखालून तीनदा गेले की धास्ती जाते, अशी आमच्याकडची समजूत. मी सुमनला तिथे नेले.

“अप्पा, आधी तुम्ही जावा.”

“मला कसली भीती?”

“मग जावा की!”

“जावा, दाजी,” दिगंबरराव म्हणाले. “हत्तीण बसलीच खाली, तर आम्ही हाव की उचलायला!”

पहिली फेरी निर्विघ्न पार पडली. दुसऱ्या फेरीत मी नेमका मध्यभागी असताना खोल घरघर सुरू झाली. भूकंपाची ती पहाट ज्याने ऐकली आहे, त्याला ही घरघर समजावून सांगावी लागत नाही. पाठोपाठ हत्तिणीचा पाय थरथरू लागला. घर पडण्यापूर्वी खांब थरथरतो तसा! मी केवळ लोकहितार्थ इशारा दिला.

दुकाने ओस पडली. शिकवणीचे वर्ग खिडक्यांतून रिकामे झाले. न्हाव्याकडचे एक गृहस्थ अर्ध्या दाढीनिशी धावत सुटले!

“मालक, पाय सोडा!” माहूत ओरडला. “जखम हाय तिथं!”

पाय सुटेना. तेव्हा सारा मोंढा पळत असताना सुमन मात्र वाकून आत शिरली.

“अप्पा, जमीन न्हाई हालत. ही भिऊन राहिली. लई माणसं हायती ना भवती!”

तिने मला धोतराला धरून बाहेर ओढले. माझे तळहात रक्ताने ओले झाले होते. साखळीखाली त्या जनावराचा पाय सोलून निघाला होता.

आठ दिवसांनी सुमन छताखाली बसली आणि तिने सगळे पेपर लिहिले. (श्रेय कोणाचे, हे मी बोलत नाही.)

पुढे त्या हत्तिणीची सुटका झाली. अनेक वर्षांनी सुमन आम्हां सर्वांना ती राहते त्या हत्तींच्या आश्रयस्थानी घेऊन गेली. तिथे पाठीवर बसायचे नाही, शिवायचे नाही, केळेही भरवायचे नाही. कठड्यामागे उभे राहून लांबून पाहायचे.

“मग आलो कशाला?” दिगंबररावांनी विचारले.

“तिला निवांत बघायला, मामा,” सुमन म्हणाली.

पायात साखळी नव्हती. जुना व्रण तेवढा दिसत होता. दिगंबररावांसमोर ती खुशाल गवत खात होती. मग मी पुढे झालो.

त्या दिवशी मोंढ्यात कोण कोणाला घाबरले होते, याचा निकाल एकाच गोष्टीने लागतो: मला पाहताच घास टाकून ती चार पावले मागे सरली.