नागोरावची खोटी रेघ

दारव्ह्याच्या कापूस बाजारात फळ्यावर भाव लिहिण्याचं काम नागोरावकडे होतं. दिवसातून तीनदा मुंबईची तार यायची. त्यानं जुना आकडा पुसून नवा लिहिला की फळ्याखाली एकच गलका व्हायचा. सकाळी केलेला सौदा शेवटच्या तारेआधी उलटून, म्हणजे घेतलेलं विकून, मोकळे होणारे व्यापारी तिथं बरेच होते. आकडा नागोरावच्या हातचा, पण त्याबद्दल त्याला कुणी कधी काही विचारत नसे.

छप्पन साली त्यानं बायकोसोबत बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. दोन वर्षांनी ती तापानं गेली. भाऊ होता, तो राजूरच्या खाणीत. खोलीवर परतलं की कुलूप काढायचं आणि चूल पेटवायची, एवढंच. नागोराव मॅट्रिकपर्यंत शिकलेला. त्यानं चौकटीचे कागद आणले आणि रोजच्या तिन्ही तारांचे भाव ठिपक्यांनी मांडायला लागला. काही महिन्यांनी त्याच्या लक्षात आलं, भाव ठराविक आकड्यापर्यंत उतरतो आणि बांधाला पाणी अडावं तसा माघारी फिरतो. वर चढतानाही तसंच. एकाच जागी दोनदा तरी भाव वळला, तरच तिथं तो लाल पेन्सिलीनं रेघ ओढायचा.

साठ सालच्या हंगामात घनश्याम नावाच्या दलालानं दुपारी त्याच्या मांडीवर तो कागद पाहिला.

"हे काय काढून राह्यला, नागोराव?"

"भाव जिथून वापस फिरते, ते जागा."

घनश्याम उकिडवा बसला. त्यानं सगळं विचारून घेतलं. दुसऱ्या दिवशी आला, तिसऱ्याही. खालच्या रेघेजवळ भाव आला की तो माल घ्यायचा, वरच्या रेघेला विकायचा, आणि बहुतेक वेळा जमायचं. आपल्या दुकानातल्या गादीवर त्यानं नागोरावला कधी बोलावलं नाही. पण फळ्यामागच्या ओट्यावर तो अर्धा तास बसायचा, बिडी पुढं करायचा. नागोराव सकाळपासून त्या अर्ध्या तासाची वाट बघायचा.

मग भावाला पाय फुटले. तो रोज नव्या जागी जाऊ लागला, जुन्या रेघा मागं पडल्या.

"आज काही आहे का?" घनश्यामनं उभ्यानंच विचारलं.

"नाही" म्हटलं असतं तर तो तसाच गेला असता. नागोरावनं कागद उघडला. सातशे ऐंशीवर भाव एकदाच, तोही जरासा, थबकला होता. त्यानं तिथं लाल रेघ ओढली.

"इथं अडते. पक्कं."

घनश्याम बसला. बिडी निघाली. त्यानं आपल्या लेकीच्या सोयरिकीची गोष्ट काढली. नागोराव ऐकत राहिला. उठल्यावर घनश्यामनं त्या रेघेच्या भावानं बराच माल घेतला.

तीनच्या तारेत भाव होता सातशे एक्कावन्न. तो आकडा लिहिताना खडू मोडला. फळ्याखाली घनश्याम नुसता वर बघत उभा होता.

दुसऱ्या दिवशी नागोराव स्वतः त्याच्या दुकानापाशी गेला, पायरीखालीच थांबला.

"ते रेघ खोटी होती, शेठ. भाव तिथं दोनदा वळलाच नव्हता."

"मंग काढली काहून?"

"तुम्ही बसले नसते ना."

घनश्याम चिडला नाही. चिडला असता तर बरं झालं असतं.

"बसाच्यासाठी रेघ कायले लागते, नागोराव?" तो म्हणाला, आणि गिऱ्हाईक आलं म्हणून आत वळला.

घर चालेल इतकं घनश्यामपाशी उरलं होतं. तारेवरचे सौदे त्यानं सोडले, फळ्याकडे यायचंही सोडलं. नागोराव मात्र त्या प्रश्नाशी कितीतरी दिवस झटत राहिला. गादीवर बोलावलं नव्हतं कधी, हे तो विसरला नव्हता. पण आपणही कधी "बसा" म्हटलं नव्हतं.

रविवारी तो विहारात जाऊन मागच्या ओळीत बसायचा. वंदना संपली की कुणाशी बोलायच्या आत चप्पल घालून निघायचा. एकदा दारात वंदना घेणाऱ्या सत्यशीलाबाईंनी अडवलं.

"भाऊ, इतली घाई कायची?"

घाई कशाचीच नव्हती. तो नुसता हसला आणि खोलीच्या वाटेला लागला.