आधी कुत्र्यांचं सांगायचं

किनवटहून वडिलांची बदली लातूरला झाली, तेव्हा ट्रकमध्ये आधी तीन कुत्री चढली, मग सामान, आणि उरलेल्या जागेत आई नि मी. लातूर जिल्हा नुकताच वेगळा झालेला. नव्या कचेऱ्यांमुळं गावात माणसं लोटली होती आणि खोली म्हणून मिळत नव्हती. आम्ही मावशीच्या एका खोलीत घुसलो. शाळा सुरू व्हायच्या आत जागा मिळाली नाही, तर आईनं नि मी किनवटला परत जायचं ठरलं होतं. वडिलांशिवाय राहायचं मला मुळीच नको होतं.

काळा, तांबडी आणि लंगडा. याहून वेगळी नावं त्यांना कुणी ठेवली नाहीत. दुष्काळ होता, मावशी पाणी तांब्यानं मोजून द्यायची. तरी भाकरीची परात धुतलेलं पाणी आई आठवणीनं त्यांच्यापुढं ठेवायची. आधी तांबडी प्यायची, मग लंगडा, आणि काळा थोरल्या भावासारखा थांबून राहायचा. परात चाटल्याचा तो आवाज आजही ऐकावासा वाटतो.

मागं ठेवली की ती गल्ली डोक्यावर घ्यायची. म्हणून संध्याकाळी खोली शोधायला निघताना वडील तिघांना एकाच चऱ्हाटाला बांधून बरोबर घ्यायचे. कुत्री फिरायला नेतात हे गोलाईच्या बाजारपेठेतल्या दुकानदारांना नवीनच.

"काय साहेब, बाजाराला काढली का?" कुणीतरी विचारायचंच.

"हाव, गिऱ्हाईक बघून राहिलो," वडील म्हणायचे.

तांबडी पुढं ओढायची, लंगडा प्रत्येक खांबापाशी थांबायचा, चऱ्हाट वडिलांच्या पायात गुंतायचं आणि मी पोट धरून हसायचे. फार सुखाच्या संध्याकाळी होत्या त्या, कुणाच्या तरी दारापाशी पोचेपर्यंत.

कारण दार उघडलं की वडिलांचं पहिलं वाक्य ठरलेलं, "आमच्याकडं तीन कुत्री हायेत बघा." नाव-गाव नंतर. घरमालक कुत्र्यांकडं बघायचा, मान हलवायचा, संपलं. सहा दारं अशी गेली. माणूस आपल्याच हातानं पायावर धोंडा का पाडून घेतो, मला कळेना. वडिलांवर राग काढायची सोय नव्हती, तो मी कुत्र्यांवर काढला. लंगडा अंगाशी आला तर त्याला ढकलून दिलं. त्याची लाज अजून वाटते.

सातव्या दाराला जाताना मी हट्टानं कुत्री आईपाशी ठेवायला लावली. वडिलांनी तोंड उघडायच्या आत मीच बोलले, "आमच्याकडं कुत्री-बित्री काय न्हाईत." वडिलांनी फक्त माझ्याकडं पाहिलं.

घरमालक भला वाटला. त्यानं खोली दाखवली, आतून पाणी मागवलं. "पोरगी लई हुशार हाय," म्हणाला. "देवघराला हा कोनाडा बास होईल न्हवं?"

माझ्या लेखी खोली मिळालीच होती. मी आनंदानं सांगितलं, "देवघर न्हाई लागत. आमची बुद्धाची मूर्ती फळीवर बी मावते."

तो जरा वेळ कोनाड्याकडंच बघत राहिला. मग म्हणाला, "बरं आठवलं. ही खोली कालच एकाला कबूल केलीया." पाणी आतून आलंच नाही.

जागा आम्हाला पुढं मिळाली, शाळेच्या चार दिवस आधी, तीन कुत्री ऐकूनही "आणा की" म्हणणाऱ्या एका म्हाताऱ्याकडं. पण मला आठवतो तो त्या दिवसाचा परतीचा रस्ता. किनवटला आम्ही सरकारी क्वार्टरात राहायचो, कुणाच्या दारात खोली मागायची वेळच आली नव्हती. सगळं एकदम उमगलं असं नाही, पण माझ्या बोलण्यानं काहीतरी बिघडलं एवढं कळलं आणि मला रडू फुटलं.

"माझ्यामुळं गेली ना खोली?"

"तुझ्यामुळं न्हाई," वडील म्हणाले. त्यांनी माझा हात धरला. थोडं चालल्यावर म्हणाले, "पण पुढच्या दारात आधी कुत्र्यांचंच सांगू. नको म्हणलं तर त्यांना काय वाटत न्हाई."