होडीची बॅटरी घरच्या टीव्हीला

लाईट जायच्या आत लिहून टाकते. ग्रुपवर कुणाकडे होडी असेल तर हात जोडते, काहीतरी सांगा.

आज दुपारी आम्ही नवरा-बायको गंगापूर धरणात जाळं ओढायला गेलो होतो. मधोमध इंजिन बंद केलं आणि वारं सुटलं. होडी एका अंगाला झुकली, तशी न बांधलेली बॅटरी आडवी झाली. वायर निसटून पेट्रोलच्या कॅनजवळच ठिणग्या उडाल्या! ह्यांनी झेप घेऊन बॅटरी बाजूला ओढली. ॲसिडने तळहात भाजले. इंजिन काही सुरू होईना. मी रडत रडत वल्ही मारत होडी काठाला आणली.

बॅटरी होडीत बांधून ठेवायचा पट्टेवाला डबा आमच्याकडे आहे. माळ्यावर पडलाय. लोडशेडिंगमध्ये टीव्हीला लावायला बॅटरी रोज संध्याकाळी घरी आणायची, मग रोज कोण बांधणार आणि कोण सोडणार?

घरी येताच मी म्हटलं, “आता ती होडीतच पक्की करा.”

“करू गं. पण आज आईची मालिका आहे.”

आत्ता फडकं गुंडाळलेल्या हातांनी हे तीच बॅटरी टीव्हीला जोडतायत. सांगा ना, काय बोलू ह्यांना?